स्थानभ्रष्ट कात्री

शरीरांत कात्र्या आहेत असें म्हटलें तर घरांतील मुलें हंसतील. परंतु आपण खाल्लेल्या डाळींतील प्रथिनें जठरांत व आंतड्यांत कापलीं जातात तीं अशाच कात्र्यांनीं. त्यांस शास्त्रांत प्रथिनच्छेदक विकरें म्हणतात. त्यांचें क्षेत्र पचनापुरतेंच नाहीं; मूत्रपिंडांतहि तीं विपुल आहेत, आणि त्यांपैकीं एकाची हकीकत येथें सांगावयाची आहे.

मूत्रपिंड म्हणजे जुन्या ग्रंथांतील वृक्क. चरकसंहितेंत वृक्क हे मेदोवह स्रोतसांचें मूळ सांगितले असून मूत्रवह स्रोतसांचें मूळ बस्ति व वंक्षण मानलें आहे. या विधानांचा आधुनिक शारीरशास्त्राशीं ओढूनताणून मेळ घालण्याची जी हौस दिसते ती, उभा जन्म संस्कृत शिकविण्यांत गेला असूनहि, मला रुचत नाहीं. आज ठाऊक आहे तें असें कीं, एकेका मूत्रपिंडांत सुमारें १० लक्ष सूक्ष्म गाळण्या असतात. दोहोंतून मिळून दिवसाकाठीं सुमारें १८० लिटर द्रव गाळला जातो; पैकीं दीड-दोन लिटरच मूत्ररूपानें बाहेर पडतो. उरलेला सर्व, गाळणीपुढील नलिकांच्या पेशी परत शोषून घेतात. हें काम अतिशय कष्टाचें. म्हणून रक्तपुरवठा आटला कीं प्रथम होरपळतात त्या याच पेशी.

गेल्या वैशाखांत आमच्या घरीं हेंच घडलें. माझे वडील बंधु, सर्वांचे दादा, यांस दोन दिवस जुलाब होत होते. त्यांतच गुडघ्यांसाठीं वेदनाशामक गोळ्या चालू होत्या. शरीरांतील पाणी कमी झालें असतां मूत्रपिंड आपली रक्तवाहिनी कांहीं द्रव्यांच्या साह्यानें मोकळी ठेवतें. या गोळ्या नेमकीं तींच द्रव्यें बंद पाडतात. तिसऱ्या दिवशीं लघवी जवळजवळ थांबली. इस्पितळांत शिरेंतून पाणी चढविलें, गोळ्या बंद केल्या. चार दिवस झाले तरी रक्तांतील क्रिएटिनिन उतरेना. तेव्हां वहिनी मला म्हणाल्या, “भावोजी, रक्त तर पुन्हा वाहूं लागलें, मग अजून उतार कां पडत नाहीं?”

प्रश्न मार्मिक होता. त्याचें उत्तर शोधतांना मला मेप्रिन भेटलें.

नलिकेच्या पेशींवर, द्रव वाहतो त्या अंगास, ब्रशाच्या केसांसारखी दाट लव असते. मेप्रिन हें विकर तिच्यावर रोवलेलें असतें. त्याच्या धारेशीं जस्ताचा अणु असतो. त्यावांचून तें बोथट. उंदराच्या मूत्रपिंडांतून तें शुद्ध स्वरूपांत वेगळें काढल्याचें १९८१ सालीं प्रसिद्ध झालें. गोड्या पाण्यांतील झिंग्यासारख्या एका प्राण्याच्या पाचकरसांतील विकर त्याचें सगोत्र आहे, हें वाचून आमच्या सोवळ्या घरांत थोडी करमणूक झाली! लवेवर आहे तोंवर मेप्रिन निरुपद्रवी. परंतु मूत्रपिंडाचें रक्त कांहीं वेळ अडवून पुन्हा सोडलें असतां तें आपली जागा सोडून पेशीच्या पाठीमागील अंगास पसरतें, असें उंदरांवरील प्रयोगांत दिसलें. तेथें पेशी जिच्यावर उभ्या असतात ती पातळ बैठक असते. कात्री तिचेच धागे कापूं लागते. शिवाय दाहाचे जे निरोप पेशींत निद्रिस्त असतात, त्यांची एक बाजू छाटून ती त्यांस जागें करते. मग श्वेत रक्तपेशी धांवून येतात, त्या इलास्टेजसारख्या स्वतःच्या कात्र्या घेऊनच. दांत, केस व नखें यांविषयीं सुभाषितकारांनीं म्हटलें आहे तें येथें कोणासहि आठवेल.

म्हणजे रक्त परत येतें तेव्हां इजा संपत नाहीं; तिचा दुसरा अंक तेथें सुरू होतो. ज्या उंदरांत मेप्रिन नाहीं त्यांस अशा प्रसंगीं इजा कमी होते, आणि तें रोखणारें ॲक्टिनोनिन हें द्रव्य दिल्यानेंहि मूत्रपिंड बचावल्याचें आढळलें आहे. मात्र मनुष्यासाठीं असा उपचार अद्याप रूढ नाहीं. कारण शोधूं गेल्यास अडचण ध्यानांत येते: हेंच विकर दाहाचा एखादा निरोप तोडून निकामीहि करतें, आणि आंतड्यांत श्लेष्म मोकळा करण्याचें उपयुक्त कामहि करतें. सगळीकडेच तें बोथट केलें तर हीं कामें कोणी करावीं?

वहिनींस मीं हें सर्व सांगितलें. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, “म्हणजे कापलेलें पुन्हा विणावयास वेळ लागणार, एवढेंच ना?” तसेंच झालें. दादांचें क्रिएटिनिन पूर्ववत् होण्यास सहा आठवडे लागले.