जीपचा मागचा ॲक्सल
शेंदूरजनाघाटच्या संत्राबागेत भरलेली ट्रॉली ओढताना आमची जुनी सीजे-3बी कुरकुरत नाही. मागच्या ॲक्सलात क्राउनचे दात 43, पिनियनचे 8. चाकाच्या एका फेरीला शाफ्ट 5.38 वेळा फिरतो. चिखलात हीच ताकद. आज मात्र वरूडमार्गे अमरावतीला जाताना ताशी 80 ला इंजिन नुसतं बोंबलत होतं. मिनिटाला सव्वातीन हजार फेऱ्या! अमेरिकेतले मसल कारवाले तर शर्यतीसाठी मुद्दाम 4.10 गुणोत्तराचे गिअर बसवत आणि हायवेवर पेट्रोल जाळत. मिस्त्री म्हणाला, "क्राउन-पिनियन बदलून टाका ना भाऊ." टाकलं असतं. पण मग पुढचाही ॲक्सल बदलायला हवा, नाहीतर फोर-व्हीलमध्ये पुढची-मागची चाकं भांडणार. त्यापेक्षा साठनं जाईन.