उघडी मूठ

प्रवासास निघतांना शिदोरी बांधावी, ही आपल्या घरांतील फार जुनी शिस्त. गाडी चुकली, मुक्काम लांबला, तरी मुलेंबाळें उपाशी राहूं नयेत, एवढीच तिच्यामागची दृष्टि. ज्या घरांत मधुमेही मूल आहे, त्या घराची शिदोरी मात्र निराळी असते. आणि ती बांधतांना घरांतील दुसरी एक जुनी रीत घरींच ठेवून निघावें लागतें, असा आमचा अनुभव आहे.

आमची नात १३ वर्षांची आहे. सातव्या वर्षीं तिला पहिल्या प्रकारचा मधुमेह जडला. या प्रकारांत शरीर स्वतः इन्शुलिन निर्माण करण्याचें जवळजवळ थांबवितें. तें बाहेरून दिल्यावांचून गत्यंतर नसतें. १९२१ सालीं टोरांटो येथें बँटिंग व बेस्ट यांनीं इन्शुलिनचा शोध लावला आणि १९२२ च्या जानेवारींत तें प्रथम एका १४ वर्षांच्या मुलास टोंचण्यांत आलें. त्यापूर्वीं अशीं मुलें आईबापांच्या डोळ्यांदेखत झिजून जात. आज आमच्या नातीच्या कमरेस एक लहानसा पंप असतो व बारीक नळीवाटे तो अहोरात्र थोडें थोडें इन्शुलिन तिच्या त्वचेखालीं सोडीत असतो.

गेल्या उन्हाळ्यांत तिला घेऊन लंडनला आमच्या कन्येकडे जावयाचें ठरलें, तेव्हां घरांत दोन प्रश्न निघाले. एक सामानाचा व दुसरा बोभाट्याचा. मोठ्या वहिनी आम्हांस बाजूला घेऊन म्हणाल्या, "भाऊजी, मुलीची जात. शंभर लोकांदेखत कशाला दाखवायचें? विमानतळावर पंप काढून पेटींत ठेवा. झांकली मूठ सव्वा लाखाची!"

वहिनींचा हेतु मायेचाच होता. परंतु येथें ती म्हण लागू पडत नाहीं. पंपांत असतें तें लवकर ओसरणारें इन्शुलिन. कांहीं तास पंप बंद राहिला, तर शरीरांत शिल्लक अशी कांहीं उरत नाहीं आणि रक्तांत किटोन नांवाचीं आम्लद्रव्यें सांचूं लागतात. मग प्रसंग जिवावर बेततो. विमानाच्या पोटांत जाणाऱ्या पेटींत तर इन्शुलिनची कुपीही ठेवावयाची नसते. तेथें तें गोठण्याचें भय असतें, आणि एकदां गोठलेलें इन्शुलिन वितळलें तरी उपयोगाचें राहत नाहीं. म्हणून सर्व साहित्य हातांतील पिशवींत, व लागेल त्याच्या दुप्पट: नळ्यांचे संच, सेल, रक्तशर्करा मोजण्याचें यंत्र व पट्ट्या, पंप बिघडलाच तर टोंचून घेण्यासाठीं दीर्घकाळ टिकणारें इन्शुलिन आणि डॉक्टरांचें पत्र. आपल्याकडील घरांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. येथें कुपींतून मिळणारें इन्शुलिन पुष्कळदां दर मिलिलिटरला ४० युनिटांचें असतें. पंपांतील १०० युनिटांचें. ४० च्या सिरिंजमध्यें खुणेबरहुकूम १०० चें इन्शुलिन भरलें, तर मात्रा अडीचपट होते! सिरिंज ज्याच्या त्याच्या जोडीचीच हवी.

आमच्या कुटुंबानें बेसनाचे लाडू बांधले होते. नातीनें ते पाहिले व म्हणाली, "आजी, साखर उतरली कीं लाडवाचा उपयोग नाहीं. तुपामुळें साखर रक्तांत सावकाश जाते. मला ग्लुकोजच हवें." ग्लुकोज तिच्या खिशांत गेलें, लाडवांचा समाचार घेण्याची जबाबदारी आम्ही आनंदानें पत्करली.

तपासणीच्या रांगेंत वहिनींचा प्रश्न पुन्हां पुढें उभा राहिला. तेथील बाईंनीं कमरेकडे बोट करून पंप काढावयास फर्माविलें. आम्ही पुढें होणार, तोंच पोरगी स्वच्छ आवाजांत म्हणाली, "हा इन्शुलिनचा पंप आहे. मला मधुमेह आहे. हा क्ष-किरणांच्या यंत्रांतून न्यायचा नाहीं, असें याच्या पुस्तकांत लिहिलें आहे. कृपा करून हातानें तपासा." बाईंनीं पत्र वाचलें, तिला पडद्याआड नेलें आणि पांच मिनिटांत परत पाठविलें. रांगेंतील चार लोकांनीं पाहिलें खरें. पण त्यांना आपापल्या विमानाची घाई होती.

पुढें तिचें लग्न जुळवितांना ही गोष्ट निघेल, हें आम्हांसही कळतें. परंतु जें घर हा पंप पाहून पाठ फिरवील, त्या घरांत रात्रीं दोन वाजतां तिची साखर उतरली तर उठणार कोण? तें घर आधींच कळलें तर बरेंच नव्हे काय?

विमानांतही थोडी दक्षता लागते. वर गेल्यावर आंतील हवेचा दाब कमी होतो आणि सोडावॉटरच्या बाटलीचें बूच काढल्यासारखे इन्शुलिनमध्यें बुडबुडे धरतात. ते फुगून इन्शुलिन पुढें ढकलतात. ऑस्ट्रेलियांतील संशोधकांनीं २०११ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, विमान चढतांना अर्ध्या युनिटाहून थोडें अधिक इन्शुलिन जादा गेलें व उतरतांना सुमारें अर्धें युनिट कमी गेलें. मोठ्या माणसाला हें किरकोळ. लहान मुलाला तसें नव्हे. म्हणून आमच्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून उड्डाणाच्या वेळीं नळी सोडविली, विमान वर स्थिरावल्यावर बुडबुडे काढून पुन्हां जोडली. जेवणाचें इन्शुलिनही ताट प्रत्यक्ष समोर आल्यावरच घेतलें. हवा खवळली तर वाढणें मध्येंच थांबतें. लंडनला उतरल्यावर तिनें पंपाचें घड्याळ साडेचार तास मागें घेतलें, कारण दिवसाच्या निरनिराळ्या प्रहरीं इन्शुलिनचें मान निराळें असतें.

ज्यांच्या घरीं असें मूल आहे, त्यांनीं सामान बांधण्यापूर्वीं त्याच्याकडून दोन वाक्यें मोठ्यानें म्हणवून घ्यावीं: मला काय झालें आहे, आणि मला काय लागतें. तीं ऐकतांना घरांतील वडील मंडळींनीं मान खालीं घालूं नये. मूल बोलण्याआधीं आपल्या तोंडाकडे पाहतें.