हरळीची जोपासना

ज्या मुलखात हरळी खणून काढता काढता कुदळी झिजल्या, त्याच बारामती-इंदापूरच्या मुलखात ती लावण्याचा व जोपासण्याचा व्यवसाय मी करीत आलो आहे. आणि बागाईतदाराला जो तिचा दोष वाटतो, तोच माझ्या लेखी तिचा थोर गुण आहे.

१८८५ साली नीरा डावा कालवा वाहू लागला, जिरायत रानांत उसाचा अंमल बसला, आणि अतिपाण्याने चोपण झालेल्या ज्या जमिनींत ऊस पिवळा पडला तेथेही हरळी तग धरून राहिली. काळ्या रानात तिच्या काशा हातभर खोल जातात. नांगराने तुटलेला काशीचा तुकडाही पुन्हा फुटतो, सबब नांगरटीमागे मजूर लावून त्या वेचाव्या, वाळवाव्या आणि जाळाव्या लागतात. खेळाडूंच्या बुटांनी ओरबाडलेले मैदान पुन्हा भरून येते ते याच चिवटपणामुळे.

तिचा सरपटणारा वेल हाती घेऊन पाहावा: मातीला टेकलेल्या पेऱ्याला खाली पांढरी मुळे, वर पात्यांचा झुबका, आणि पाते खोडाला मिळते तेथे बारीक पांढऱ्या केसांचे कडे. वाढीचे कोंब जमिनीलगत असल्याने धनगरांची मेंढरे बांध चरून गेली तरी तिचे काही बिघडत नाही. मैदानावर मेंढरांचे ते काम कापणीयंत्र करते. मात्र एका कापणीत उंचीचा तिसरा हिस्सा, त्याहून अधिक घेऊ नये.

सावली तिला मानवत नाही. निंबाखाली पाण्याचा कितीही बंदोबस्त ठेवा, ती विरळच होणार. पौषाच्या थंडीत ती तपकिरी पडली की मालकमंडळी घाबरून पाणी वाढवितात, परंतु काशांत अन्नसंचय राखून ती केवळ निजलेली असते, आणि ऊन चढू लागताच आपण होऊन हिरवी होते.

अमेरिकेत १९६० साली प्रसृत झालेली टिफवे ही संकरित हरळी पोताने नाजूक व देखणी खरी. तिला बी धरत नसल्याने तीही कांड्यांनीच लावावी लागते, आणि तिच्या पाणी, खत व कापणीचा नित्य खर्च गावच्या शाळेला झेपणारा नव्हे. तेथे मी कालव्याच्या बांधावरची गावरान हरळीच पसंत करतो. मृगाचा पाऊस जमिनीत मुरला, की दोन-तीन पेऱ्यांच्या कांड्या वीतभर अंतराने लावून माती दाबून घ्यावी. तत्पूर्वी प्रत्येक जुडी झटकून, मुळांत लव्हाळ्याची काळी गाठ अडकलेली नाही ना, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे, कारण ते काम मजुरावर सोपविण्याजोगे नाही.