रिकामे त्रिकोण

स्वित्झर्लंडच्या मध्यभागी ल्युसर्न नावाचे एक टुमदार शहर आहे. डोंगरांच्या कुशीत पसरलेल्या विशाल सरोवरातून रॉइस नदी जेथे बाहेर पडते, तेथे तिच्या दोन्ही तीरांवर ते वसले आहे. दक्षिणेस पिलाटस पर्वत उभा आहे आणि पाण्यावर शुभ्र हंस संथपणे विहार करीत असतात. माझा मुलगा नोकरीनिमित्त झ्युरिकला राहतो. तेथून आगगाडीने तासाभराच्या आत ल्युसर्नला पोहोचता येते. त्याच्याकडे गेलो असता माझ्या बारा वर्षांच्या नातवाला बरोबर घेऊन मी एक दिवस हे शहर पाहून आलो.

स्थानकाजवळचा प्रसिद्ध लाकडी पूल आम्ही परतीच्या वेळेसाठी राखून ठेवला आणि प्रथम जुन्या तटाकडे वळलो. शहराच्या उत्तरेकडील टेकडीवर मध्ययुगीन तटबंदीचा मोठा भाग अद्याप सुस्थितीत आहे. तिच्यात नऊ बुरूज आहेत. त्यांपैकी एका बुरुजावर १५३५ साली बनविलेले घड्याळ आहे. दूर सरोवरात होड्या हाकणाऱ्या कोळ्यांनाही वेळ कळावी, एवढी त्याची तबकडी मोठी आहे. आम्ही तेथे उभे असतानाच त्याचे ठोके पडू लागले. नातवाने आपल्या मनगटाकडे पाहिले आणि तो म्हणाला, “आजोबा, हे घड्याळ एक मिनिट पुढे आहे!”

घड्याळात बिघाड नव्हता. शहरातील सर्व घड्याळांत ते वडील. म्हणून इतरांच्या एक मिनिट आधी ठोके देण्याचा मान त्याला दिलेला आहे. घरातील वडीलधाऱ्या माणसाने आधी बोलावे आणि मग इतरांनी तोंड उघडावे, तशीच ही रीत! नातवाला ती फार आवडली.

तेथून आम्ही सिंहाचे स्मारक पाहावयास गेलो. दगडाच्या एका जुन्या खाणीत, उभ्या कड्यातच, सुमारे १० मीटर लांबीचा सिंह कोरलेला आहे. त्याच्या कुशीत भाल्याचे मोडके टोक रुतलेले आहे; तो मरणोन्मुख आहे, तरीही फ्रान्सच्या राजचिन्हाने अंकित झालेल्या ढालीवरचा पंजा त्याने काढलेला नाही. १० ऑगस्ट १७९२ रोजी पॅरिसमधील राजवाड्याचे रक्षण करताना शेकडो स्विस सैनिक मृत्युमुखी पडले, त्यांचे हे स्मारक. त्यांच्यातीलच एक अधिकारी त्या दिवशी रजेवर असल्यामुळे वाचला होता. आपल्या सोबत्यांची आठवण राहावी म्हणून पुढे त्याने पुढाकार घेतला. थोरवाल्डसेन या डॅनिश शिल्पकाराने आराखडा केला आणि लुकास आहोर्न याने १८२१ पर्यंत तो पाषाणात उतरविला. त्या सिंहाच्या मुद्रेवरील वेदना पाहून माझा बोलका नातूही काही वेळ मूक झाला.

सायंकाळी आम्ही त्या लाकडी पुलापाशी आलो. हा चॅपेल पूल चौदाव्या शतकातील. तो नदीवरून सरळ जात नाही. मध्येच वळण घेत तिरका जातो. त्याच्यावर कौलारू छप्पर आहे आणि त्याला लागूनच पाण्यात अष्टकोनी मनोरा उभा आहे. हा मनोरा पुलाहूनही जुना. कधी तो तुरुंग होता, तर कधी नगराचा खजिना. छपराखालच्या तुळयांवर सतराव्या शतकात त्रिकोणी फळ्यांवर रंगविलेली चित्रे बसविली होती. शहराचा व देशाचा इतिहास आणि संतांची चरित्रे त्यांत चितारलेली असून प्रत्येक चित्राखाली जर्मन भाषेत पद्य आहे.

१८ ऑगस्ट १९९३ रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, या पुलाला आग लागली. शंभराहून अधिक चित्रांपैकी बहुतेक चित्रे त्या एका रात्रीत जळाली. पुलाचा मधला भाग राख झाला. दोन्ही टोके आणि मनोरा तेवढे वाचले. नगरवासीयांनी शोक केला, पण ते हातावर हात ठेवून बसले नाहीत. आठ महिन्यांच्या आत, एप्रिल १९९४ मध्ये, पूल पुन्हा वाहता झाला.

आम्ही पुलावरून चालू लागलो. वर एक चित्र, पुढे आणखी एक. आणि मग रिकामे त्रिकोण! तेथे नुसत्या तुळया दिसत होत्या. नातू थबकला.

“आजोबा, पूल नवा बांधता आला, मग चित्रे नवी का काढली नाहीत?”

प्रश्न मार्मिक होता. मी म्हणालो, “पूल हा ओलांडण्यासाठी असतो. सहा शतकांत त्याच्या फळ्या कितीदा तरी बदलल्या असतील. सुताराने कुजलेली फळी काढून नवी घातली, तरी पूल तोच राहतो. चित्राचे तसे नाही. ज्या हाताने ते काढले, तो हात आता कोठून आणायचा? येथील एका नागरिकाने जळालेल्या चित्रांच्या हुबेहूब प्रती करवून घेतल्या होत्या. पण नगरपालिकेने त्या येथे लावण्यास संमती दिली नाही. जे गेले, ते गेले असेच दिसावे, असा त्यामागे विचार असावा.”

“पण मग येथे काय होते, ते पुढच्या मुलांना कसे कळणार?” तो म्हणाला.

यावर माझ्यापाशी चटकन उत्तर नव्हते. त्याचे म्हणणेही खोटे नव्हते. प्रती लावाव्यात, की जागा रिकाम्या ठेवाव्यात? तुम्ही त्या पुलावर उभे असता, तर काय म्हणाला असता?

नातू मान वर करून रिकामे त्रिकोण मोजू लागला. पैलतीर आला, तेव्हा त्याच्या ध्यानात आले की, मध्येच कोठेतरी आपली मोजणी चुकली आहे. गाडीला अजून अवकाश होता. आम्ही मागे फिरलो आणि तो पूल पुन्हा पहिल्यापासून ओलांडू लागलो.