पैशाच्या तारखा

पुणे

चि. अनघास,


पगाराची तारीख महिन्यातून एकदा येते. खर्चाच्या तारखा वर्षभर विखुरलेल्या असतात. घरखर्चाचं अंदाजपत्रक म्हणजे या दोन्हींची गाठ घालण्याचा उद्योग. भाडं, किराणा, दूध, गॅस, पेट्रोल, सोसायटीचा मेंटेनन्स हे महिन्याचे खर्च कोणालाही तोंडपाठ असतात. घात करतात ते वर्षातून एकदा येणारे. पुण्यात भाड्याच्या फ्लॅटचा लिव्ह अँड लायसन्स करार बहुधा 11 महिन्यांचा असतो. तो संपला की भाडेवाढ आणि नोंदणीचा खर्च ठरलेला. घर बदलायची वेळ आली तर नवी अनामत, टेम्पो आणि एजंटची दलाली, सगळं एकाच पंधरवड्यात अंगावर येतं. जुनी अनामत मात्र चावी दिल्यावर, रंगकामाचे पैसे कापून, घरमालकाच्या सवडीने परत येते. स्वतःचं घर असलेल्यांना महापालिकेचं मिळकतकराचं बिल असतं. ते मुदतीत भरलं तर सवलत मिळते, आणि नेमके तेव्हाच हातात पैसे नसतात. जूनमध्ये शाळेची फी, मग गणपती, दिवाळी, गाडीचा विमा.

हे खर्च अचानक आले असं दरवर्षी म्हटलं जातं, आणि दरवर्षी ते त्याच सुमाराला येतात. त्यांची वर्षाची बेरीज करून तिला 12 ने भागावं आणि येणारी रक्कम पगाराच्या दिवशीच दुसऱ्या खात्यात वळती करावी. बेरीज 84,000 आली तर महिन्याला 7,000. हे 7,000 बचत नव्हेत, आधीच खर्च झालेले पैसे आहेत; त्यांना बचतीत धरणाऱ्या घराचा हिशेब दिवाळीला हमखास कोसळतो. पै-पैचा जमाखर्च लिहिणारी माणसं पुण्यात अजून आहेत आणि त्यांचं कौतुकही होतं, पण चहाच्या कपांची नोंद ठेवण्यापेक्षा ही एक बेरीज जास्त कामाची.

खऱ्या बचतीचा पहिला हिस्सा ज्या खर्चाची तारीखच माहीत नसते त्याच्यासाठी असतो. आजारपण, नोकरी जाणं, गावाकडे अचानक धावावं लागणं. तीन ते सहा महिन्यांच्या घरखर्चाइतकी रक्कम यासाठी हवी, असं साधारण मानलं जातं. हिंजवडीच्या आयटी कंपनीत प्रकल्प संपला म्हणून बेंचवर बसलेल्या माणसाने सहाचा आकडा धरावा. ही रक्कम बचत खात्यात आणि हवी तेव्हा मोडता येईल अशा मुदत ठेवीत राहावी. ठेव मोडली तर व्याजात थोडी कपात होते, ती सोसावी. हाच पैसा शेअरबाजारात लावण्याचा मोह हल्ली फार होतो. मंदी आणि नोकरकपात पुष्कळदा हातात हात घालून येतात, तेव्हा शेअर नेमके पडत्या भावाने विकावे लागतात.

भिशीचं गणित तारखांच्या दृष्टीने पाहण्यासारखं आहे. दहा जणींनी दरमहा 5,000 काढले तर दर महिन्याला एकीला 50,000 मिळतात. पहिल्या महिन्यात ज्या बाईची चिठ्ठी निघते ती वस्तुतः कर्जदार असते आणि शेवटच्या महिन्यातली सावकार, पण व्याजाचा शब्द कोणी काढत नाही, कारण पुढच्या फेरीत क्रम फिरेल ही सगळ्यांना आशा असते. लिलावाच्या भिशीत व्याज उघड होतं: जिला निकड जास्त ती जास्त घट सोसून आधी उचलते. भिशी शिस्त लावते, मैत्री टिकवते, महिन्यातून एकदा बटाटेवडेही खायला घालते. तिचे दोष दोन. उचल घेतलेलीने पुढे हप्ते थांबवले तर घरगुती भिशीत दाद मागायला फारशी जागा नसते. आणि पैसा कधी मिळणार हे चिठ्ठी ठरवते, त्यामुळे ठरलेल्या तारखेच्या खर्चासाठी भिशी गैरसोयीची. त्यासाठी बँकेचं किंवा पोस्टाचं आवर्ती खातं बरं. दरमहा 5,000 पाच वर्षं भरले आणि व्याज 7 टक्के धरलं, तर 3 लाखांचे सुमारे 3 लाख 60 हजार होतात. व्याजावरचा कर वेगळा.

बचत कुठे ठेवावी, हा धडा पुण्याने महागात घेतला आहे. रुपी सहकारी बँक 1912 सालची. पेठांमधल्या कित्येक घरांचा पगार, पेन्शन आणि मुलीच्या लग्नाची ठेव पिढ्यान्‌पिढ्या तिथेच. फेब्रुवारी 2013 मध्ये रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध घातले आणि ठरवून दिलेल्या मर्यादेपलीकडे पैसे काढणं बंद झालं. विलीनीकरणाच्या चर्चा झाल्या, मुदतवाढी झाल्या. अखेर ऑगस्ट 2022 मध्ये परवाना रद्द करण्याचा आदेश निघाला आणि बँक बंद झाली. मधली साडेनऊ वर्षं पासबुकावर आकडा होता, मोठ्या रकमेला मात्र हात लावता येत नव्हता. ठेवीदारांचे पैसे बुडाले का, हा प्रश्न सगळे विचारतात. ज्यांना त्या काळात शस्त्रक्रिया करायची होती किंवा फी भरायची होती, त्यांच्या लेखी त्या प्रश्नाला अर्थ उरला नव्हता.

2013 मध्ये ठेव विम्याची मर्यादा 1 लाख रुपये होती. 4 फेब्रुवारी 2020 पासून ती 5 लाख झाली, आणि 2021 च्या दुरुस्तीने निर्बंध लागल्यापासून 90 दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूद आली. हे 5 लाख मुद्दल आणि व्याज मिळून, एका बँकेतल्या एका ठेवीदाराचे. कर्वे रोडच्या आणि औंधच्या शाखेत वेगवेगळी खाती काढून ते दुप्पट होत नाहीत. दोन बँकांत ठेवले तर होतात. पतसंस्थेतल्या ठेवींना हा विमा मुळीच नाही, मग रोज दुकानात येणारा पिग्मी एजंट कितीही ओळखीचा असो. कंपन्या आणि बांधकाम व्यावसायिक घेतात त्या ठेवींनाही नाही. बांधकाम व्यावसायिक डी. एस. कुलकर्णी यांच्या समूहाकडे पैसे ठेवणाऱ्यांत पुण्यातले निवृत्त लोक पुष्कळ होते. ठेवी परत मिळेनात म्हणून 2017 मध्ये गुन्हा दाखल झाला, फेब्रुवारी 2018 मध्ये कुलकर्णींना अटक झाली, आणि ठेवीदारांच्या वाट्याला कोर्टाच्या तारखा आल्या. 5 लाखांवर एक टक्का जादा व्याज म्हणजे वर्षाला 5,000 रुपये. जोखीम एवढ्या पैशांसाठी घेतली जाते, हे कागदावर मांडलं की बराचसा मोह आपोआप ओसरतो.

कर्ज म्हणजे पुढच्या तारखेचा पगार आज वापरणं. त्यात वाईट काही नाही. फक्त किंमत ठाऊक हवी. क्रेडिट कार्डावर ही किंमत दोन तारखांवर अवलंबून असते, बिल बनण्याची आणि बिल भरण्याची. बिल बनल्याच्या दुसऱ्या दिवशी केलेल्या खरेदीला साधारण दीड महिना बिनव्याजी मिळतो, आदल्या दिवशी केलेल्या खरेदीला जेमतेम तीन आठवडे. पूर्ण रक्कम मुदतीत भरली तरच हे खरं. ‘मिनिमम ड्यू’ भरून समाधान मानणाऱ्याची सवलत जाते, व्याज खरेदीच्या दिवसापासून लागतं आणि नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून सुरू होतं. समजा 50,000 बाकी आहेत आणि दर महिन्याला साडेतीन टक्के. व्याज 1,750, त्यावर 18 टक्के जीएसटीचे 315, एकूण 2,065. भरले 2,500, तर कर्ज 435 रुपयांनी उतरलं. एवढ्या दराने कर्ज साचलं असेल तर मुदत ठेव मोडून किंवा ठेवीवर कर्ज काढून ते आधी फेडणं शहाणपणाचं. सात टक्क्यांची ठेव जपत बेचाळीस टक्क्यांचं कर्ज पोसणारी माणसं कमी नाहीत.

गृहकर्जात तारीख गुपचूप सरकते. मे 2022 च्या सुरुवातीला 4 टक्के असलेला रिझर्व्ह बँकेचा रेपो दर फेब्रुवारी 2023 पर्यंत 6.5 टक्क्यांवर गेला आणि गृहकर्जांचे दरही चढले. पुष्कळ कर्जदारांचा हप्ता तोच राहिला, म्हणून त्यांचं लक्ष गेलं नाही. वाढली ती मुदत. 50 लाखांच्या 20 वर्षांच्या कर्जाला 7 टक्क्यांनी 38,765 रुपये हप्ता बसतो. सुरुवातीलाच दर 9 झाला आणि हप्ता तोच ठेवला, तर फेड व्हायला 38 वर्षं लागतील. हप्ता 44,986 केला तर 20 वर्षंच राहतात. ऑगस्ट 2023 च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं आहे की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला निवडू द्यावं. बदलत्या दराचं गृहकर्ज मुदतीआधी फेडलं तर दंड नसतो, त्यामुळे बोनस आला की मुद्दलात भरणा करता येतो.

जामीनदाराची सही हा सहकारी बँकांच्या आणि पतसंस्थांच्या मुलखातला खास विषय. ‘फक्त सही हवी आहे’ असं म्हणत मावसभाऊ किंवा सहकारी येतो आणि भिडेपोटी सही होते. 1872 च्या करार कायद्यानुसार जामीनदाराची जबाबदारी, करारात वेगळं ठरलं नसेल तर, कर्जदाराइतकीच असते. आधी कर्जदाराच्या मागे लागा, असं तो म्हणू शकत नाही. जी रक्कम स्वतः फेडण्याची तयारी आहे तेवढ्याच कर्जाला जामीन राहावं. नाही म्हटल्याने नातं आठवडाभर आंबट होतं, वसुलीच्या नोटिशीने कायमचं.

न वाचता केलेल्या सहीचा इतिहास याच जिल्ह्यात आहे. 12 मे 1875 रोजी सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला तेव्हा त्यांना हवे होते ते अशा सह्यांचे कर्जरोखे, आणि लोण पसरलं तिथे तिथे ते जाळले गेले. चौकशी आयोग बसला आणि 1879 चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. आता, 1 ऑक्टोबर 2024 पासून, प्रत्येक नव्या किरकोळ कर्जासोबत बँकेला ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ द्यावं लागतं. त्यात सगळे आकार धरून पडणारा वार्षिक दर लिहिलेला असतो. जाहिरातीतला दर सोडून हाच वाचावा. मोबाईलवरच्या कर्ज ॲपनेही हा कागद दिला पाहिजे, कर्ज देणारी बँक किंवा वित्तसंस्था कोणती ते सांगितलं पाहिजे, आणि फोनमधली संपर्कयादी मागता कामा नये. मागणारं ॲप काढून टाकावं.

फेडीची नोंद सिबिलसह चार कंपन्या ठेवतात आणि 300 ते 900 मध्ये गुण देतात. प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. त्यात न घेतलेलं कर्ज, फिटूनही उघडं दिसणारं खातं किंवा जुना जामीन आहे का, एवढं पाहावं. गुण रोज बघत बसण्यात अर्थ नाही.

तुझी,
आत्या

ता. क. नॉमिनी प्रत्येक खात्याला लावलेला असावा. 1 नोव्हेंबर 2025 पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत लावता येतात. नॉमिनीला पैसे ताब्यात मिळतात, मालकी मात्र वारसांची राहते. म्हणून इच्छापत्र वेगळं करावं लागतं.