अर्धा शब्द पुरा करणारी कळ

संगणकाच्या कीबोर्डवर डाव्या कडेला, 'क्यू' अक्षराच्या शेजारी एक रुंद कळ असते. ही टॅबची कळ. निबंध टाईप करताना परिच्छेदाच्या सुरुवातीला जागा सोडायला तुम्ही ती वापरली असेल. पण प्रोग्रॅम लिहिणारी माणसं तिच्याकडून वेगळंच काम करून घेतात. शब्दाची पहिली दोन-तीन अक्षरं लिहायची, टॅब दाबायचा, की उरलेला शब्द संगणक लिहून देतो.

"हात्तिच्या! हे तर आमच्या आईच्या मोबाइलवरही होतं," असं तुम्ही म्हणाल. थांबा थांबा. मोबाइल अंदाज बांधतो. तुम्हाला लिहायचं असतं 'मामा', आणि तो 'मामी' पुढे करतो. टॅबची कळ अंदाज बांधत नाही. का बांधत नाही, ते मला नीट ठाऊक आहे. कारण गेल्या वर्षी मी स्वतःच ही कळ एका प्रोग्रॅमला बसवली.

मी प्राथमिक शाळेत शिकवते. डी.एड. करताना माझी गट्टी जमली ती खडू, फळा आणि पाठटाचण यांच्याशी. प्रोग्रॅम लिहायचा नाद मागाहून लागला, आणि तो लागला की त्याच्या मागोमाग डीबगर येतोच. डीबगर म्हणजे काय?

प्रोग्रॅममधल्या चुकीला 'बग' म्हणतात, म्हणजे किडा. ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठातल्या मार्क-२ या संगणकात खरोखरच एक पतंग अडकलेला सापडला होता. तिथल्या मंडळींनी तो नोंदवहीत चिकटवून ठेवला! (हा शब्द मात्र त्याच्याही आधीचा, बरं का. एडिसनच्या १८७८ सालच्या एका पत्रातही तो आहे.) असले किडे शोधून देणारा प्रोग्रॅम म्हणजे डीबगर. तो तुमचा प्रोग्रॅम एका दमात पळू देत नाही. "बाराव्या ओळीवर थांब" म्हटलं की तिथं थांबतो, आणि "आत्ता या नावात कोणता आकडा आहे?" असं विचारलं की दाखवतो.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ साली लिहिलेला जीडीबी हा असाच एक डीबगर, आजही जगभर वापरात असलेला. त्यात 'इन्फो ब्रे' एवढं लिहून टॅब दाबला की पुढचा 'ब्रेकपॉइंट्स' हा शब्द आपोआप पुरा होतो. हे काम त्याच्या पोटातला रीडलाइन नावाचा एक छोटा मदतनीस करतो. तो मुळात ब्रायन फॉक्स यांनी लिहिला, आणि गेली अनेक वर्षं चेट रेमी त्याची देखभाल करत आहेत. कल्पना त्याहूनही जुनी. १९७० च्या आसपास अमेरिकेतच टेनेक्स नावाच्या संगणक-प्रणालीत अर्धा शब्द लिहून एस्केपची कळ दाबली की तो पुरा होत असे.

जीडीबीतल्या आज्ञा इंग्रजीत. आमच्या सातवीच्या मुलांना प्रोग्रॅमचं डोकं आहे, पण इंग्रजी स्पेलिंगपाशी गाडी अडते. मग मी एक छोटासा मराठी डीबगर बांधायला घेतला. पायथन या संगणकभाषेत तसा डीबगर बांधायला लागणारा पाया तयारच मिळतो, म्हणून हे माझ्या आवाक्यात आलं. आज्ञा आठच ठेवल्या: थांबा, थांबे, पुढे, पुन्हा, दाखव, जा, जागा, संपव. 'थांबा १२' म्हणजे बाराव्या ओळीवर एस.टी.सारखा थांबा द्यायचा; 'थांबे' म्हणजे कुठे कुठे थांबे दिलेत त्यांची यादी. 'पुढे' म्हणजे एक ओळ पुढे सरकायचं आणि 'पुन्हा' म्हणजे पहिल्यापासून सुरुवात. 'जा' म्हटलं की पुढच्या थांब्यापर्यंत पळायचं. 'जागा' म्हटलं की सध्या कुठे उभे आहोत ते कळतं. बाकीच्या तुम्हाला कळल्याच असतील.

आता या आज्ञा पुऱ्या करायच्या कशा? संगणकाला आठही शब्दांची यादी द्यायची. मुलानं 'द' लिहून टॅब दाबला, तर यादीत 'द'नं सुरू होणारे शब्द शोधायचे. एकच सापडला, दाखव. मग तो पुरा लिहायचा आणि पुढे एक रिकामी जागा सोडायची. ती रिकामी जागा म्हणजे खूण, की आता शंका उरली नाही. पण मुलानं 'प' लिहिलं तर? पुढे आणि पुन्हा, दोन सापडले. दोन्हींत सुरुवातीचा जेवढा भाग सारखा, म्हणजे 'पु', तेवढाच लिहायचा आणि 'टुण्' असा आवाज करून थांबायचं. मुलानं पुन्हा टॅब दाबला, तर दोन्ही शब्द त्याच्यासमोर मांडायचे. निवड त्याची.

सारखा भाग शोधायची युक्ती मात्र मला फार आवडते. समजा, पन्नास शब्द सापडले. पन्नासांची एकमेकांशी तुलना करत बसायची गरज नाही. शब्दकोशासारखे ओळीनं लावा, आणि फक्त पहिला आणि शेवटचा शेजारी ठेवून बघा. त्या दोघांत जेवढं सारखं, तेवढं मधल्या सगळ्यांत सारखं असणारच! वहीत करून पाहा, पटेल.

हे लिहीत असताना चौथीतला एक मुलगा माझ्या सारखा डोळ्यांसमोर येत होता. बोलताना तो अडतो. "बाई, मला प... प..." एवढं म्हणाला की सगळा वर्ग ओरडतो, "पाणी!" त्याला हवी असते पेन्सिल. पण सांगणार कसं? तो बिचारा जाऊन पाणी पिऊन येतो. मोबाइल करतो ते हेच की! आता वर्गात ठरलंय: त्यानं बाकावर बोटानं टकटक केली, तरच शब्द सुचवायचा. तो क्वचितच टकटक करतो. वेळ लागतो, पण पेन्सिल म्हणजे पेन्सिलच येते.

आपल्या देवनागरीनं या कामात एक गंमत केली. एका प्रोग्रॅममध्ये 'क्रम' आणि 'क्षेत्रफळ' अशी दोन नावं होती. 'क' लिहून टॅब दाबला, तर पडद्यावर आला पाय मोडलेला 'क्'! कारण आपल्याला क्र आणि क्ष ही एकेक जोडाक्षरं दिसतात. संगणक मात्र ती सुटी साठवतो. आधी क, मग पाय मोडण्याची खूण, मग र किंवा ष. दोन्हींत 'क्' सारखा, म्हणून त्यानं इमानदारीनं तेवढा लिहिला. इंग्रजीत हा प्रश्न उद्भवतच नाही. मग मी एक नियम वाढवला: सारखा भाग पाय मोडक्या अक्षरावर संपत असेल, तर एक पाऊल मागं यायचं.

खरी मजा आज्ञेच्या पुढच्या शब्दात आहे. 'दाखव'नंतर काय येणार, ते मला आधी ठाऊक असणं शक्य नाही. ती नावं मुलांच्या प्रोग्रॅममधली! त्यामुळे प्रोग्रॅम ज्या ओळीवर थांबला असेल, तिथं जी नावं जिवंत आहेत ती त्याच क्षणी गोळा करून आणायची आणि त्यांतून शोधायचं. माझ्या इथं ती दहा-वीस असतात. जीडीबीला लाखो ओळींच्या प्रोग्रॅमशी गाठ असते. तिथं सगळी नावं जमवायची म्हटली तर टॅब दाबणारा ताटकळत बसेल, म्हणून २०० नावं झाली की ते आवरतं घेतात. हा आकडा वापरणाऱ्याला बदलताही येतो.

या 'दाखव'ची परीक्षा सातवीतल्या एका मुलीमुळे झाली. तिच्या घरी दूध डेअरीला जातं. दहा दिवसांच्या दुधाची बेरीज करणारा प्रोग्रॅम तिनं लिहिला होता. रोज सकाळी ४ लिटर, संध्याकाळी ३ लिटर. तिची आई शाळेत गेलेली नाही. ती गोठ्याच्या भिंतीवर खडूनं रेघा मारून हिशेब ठेवते. मुलगी दुसऱ्या दिवशी गप्प गप्प होती. म्हणाली, "बाई, आई म्हणते सत्तर लिटर झालं. संगणक म्हणतो चाळीस. मी आईला म्हटलं, तुझ्याच रेघा चुकल्या असतील. संगणक कसा चुकेल? मग आई काही बोललीच नाही. रेघा पुसून टाकल्या तिनं."

तोंडी हिशेबानं सत्तर येतात, हे तुम्हीही सांगाल. पण प्रोग्रॅममध्ये बिघाड कुठे आहे, तो तिचा तिनंच शोधायला हवा होता. आम्ही तिचा प्रोग्रॅम डीबगरमध्ये घातला आणि शेवटच्या ओळीवर थांबा दिला. तिनं लिहिलं 'दाखव बे' आणि टॅब दाबला. 'बेरीज' हा शब्द पुरा व्हायला हवा होता. झालं काय, तर 'बेर' आलं आणि टुण्! पुढे गाडी हलेना.

"बाई, तुमचा टॅब बिघडला," मागून कोणीतरी म्हणालं.

तिनं पुन्हा टॅब दाबला. पडद्यावर शेजारी शेजारी दोन शब्द उमटले: बेरिज, बेरीज.

ती दोन क्षण बघत राहिली, आणि मग जोरात म्हणाली, "वेलांटी!"

सकाळचं दूध ती 'बेरीज'मध्ये मिळवत होती. संध्याकाळचं मिळवताना एका ठिकाणी पहिली वेलांटी पडली होती. पायथन यावर तक्रार करत नाही. नवं नाव दिसलं की नवा डबा उघडतो. त्यामुळे संध्याकाळचं दूध रोज भलत्याच डब्यात पडत होतं. 'दाखव बेरीज' म्हटलं, तर आले ४०. 'दाखव बेरिज' म्हटलं, तर ४३, म्हणजे सगळ्या सकाळी आणि फक्त शेवटची संध्याकाळ. प्रोग्रॅममध्ये दीर्घ वेलांटीचा शब्द पाच वेळा होता आणि ऱ्हस्व एकदाच. टॅबनं मोबाइलसारखा अंदाज बांधला असता, तर पाच वेळा आलेला शब्दच त्यानं लिहून दिला असता. पडद्यावर पुन्हा ४० आले असते, आणि ती मुलगी पुन्हा आईलाच चुकीचं ठरवून बसली असती.

वेलांटी सुधारली आणि ७० आले. सुट्टी झाल्यावर ती थांबलीच नाही, दप्तर सावरत पळाली. दुसऱ्या दिवशी मला कळलं, की आईनं भिंतीवर नव्या दहा दिवसांच्या रेघा सुरू केल्यात, आणि आता रोज रात्री मायलेकी रेघा आणि पडदा ताडून बघतात.

माझ्या डीबगरमध्ये एक भांडण मात्र अजून मिटलेलं नाही. 'जा' हा शब्द 'जागा'च्या पोटातच आहे. 'ज' लिहून टॅब दाबला की 'जा' येतं आणि टुण् वाजतं. एका मुलाला हवी होती 'जागा'. त्यानं घाईत एंटर दाबला, आणि प्रोग्रॅम निघाला की पळत! पुढे रिकामी जागा आली नव्हती, म्हणजे शब्द पुरा झाला नव्हता, ही खूण त्यानं पाहिली नाही. आता अर्ध्या वर्गाचं म्हणणं, 'जागा'च्या ऐवजी 'कुठे' ठेवा. उरलेला अर्धा म्हणतो, 'जा' बदलून 'चल' करा. चौथीतला आमचा तो मुलगा बाकावर टकटक न करता सावकाश म्हणाला, "बाई, दोन्ही रा... राहू द्या. आवाज मो... मोठा करा."

तुम्ही काय केलं असतं?