ङ कशाचा?

इंदापूरच्या शाळेत क कमळाचा, ख खटाऱ्याचा, ग गणपतीचा, घ घराचा इथवर पोरं खड्या आवाजात म्हणायची. ङ आला की आवाज पडायचा. अंकलिपीत त्याच्यासमोर चित्रच नव्हतं. त्यातल्या एका पोरानं विचारलं तेव्हा गुरुजी म्हणाले, "या अक्षरानं आपल्याकडं काहीच सुरू होत नाही. पुढं चल."

पुढं चौथीच्या इतिहासात शहाजी आणि शरीफजी आले. मालोजीराजांची गढी गावातच, चाँदशाहवली बाबांचा दर्गाही गावातच. नगरच्या शाह शरीफ पीराला बोललेल्या नवसावरून मालोजींच्या मुलांना ही नावं मिळाली, असं सांगतात. शाह फारसी, शरीफ अरबी. १६६० साली शाइस्ताखानापुढं चाकणचा किल्ला लढवणारे फिरंगोजी नरसाळा घ्या. फिरंग म्हणजे युरोपी पात्याची तलवार, आणि तो शब्द मुळात फ्रँक लोकांच्या नावावरून आलेला. हैबतराव, दौलतराव तर घरोघरी. परक्या नावांना मराठीनं मागं 'जी' नाहीतर 'राव' लावला आणि घरात घेतलं. आज कुणाला ती परकी वाटतही नाहीत.

मोठेपणी तो पोरगा बारामतीच्या एमआयडीसीत येणाऱ्या पाहुण्यांची गाडी चालवू लागला. पियाजिओ आणि फेरेरो या दोन इटालियन कंपन्यांचे कारखाने बारामतीत आहेत. ज्या रिक्षाला सगळा तालुका 'अ‍ॅपे' म्हणतो, तिचं नाव तिकडं 'आपे', अर्थ मधमाशी. ती पहिल्यांदा निघाली १९४८ साली. फेरेरो हे आडनाव लोहारकामावरून पडलेलं, म्हणजे आपल्याकडचे लोहारच की!

हे सगळं त्याला नंतर कळलं. आधी झाली ती चूक.

लोहगाव विमानतळावर तो पाटी घेऊन उभा होता. पाहुण्याचं नाव अँड्रिया. बाईच असणार म्हणून त्यानं आपल्या मनानं पुढं 'मिसेस' जोडलं होतं. एक दाढीवाला, प्रवासानं शिणलेला माणूस दोनदा पाटीजवळ येऊन पुढं गेला. तिसऱ्यांदा त्यानं पाटीवरच्या नावावर बोट ठेवलं आणि मग तेच बोट स्वतःच्या छातीवर. इटलीत हे पुरुषाचं नाव. ग्रीकमधल्या ज्या शब्दापासून ते आलं, त्याचा अर्थच 'पुरुष'. त्याच्या स्वतःच्या आळीत किरण नावाचा एक पैलवान होता आणि किरण नावाच्या एक बाईही होत्या. तरी हे सुचलं नव्हतं. त्याला फार लागलं ते. पाटसला गाडी बारामतीकडं वळली, तोवर त्यानं माफी मागून नाव नीट शिकून घेतलं होतं. आन्द्रेआ. जोर 'द्रे'वर.

तेव्हापासून गाडीत एक वही असते. नावाचा अर्थ मोबाईलवर सापडतो. उच्चार मात्र ज्याचं नाव त्याच्याच तोंडून घ्यायचा, हा त्याचा नेम. लुका, जोवान्नी, स्तेफानो अशी पानं भरत गेली.

मग व्हिएतनामचा एक पाहुणा आला, इंदापूरकडची द्राक्षबाग पाहायला. कागदावर एन, जी, यू, वाय, ई, एन. त्या देशातलं हे सर्वांत जास्त आढळणारं आडनाव, आणि ते नावाच्या आधी लावतात. भिगवणला चहाला थांबल्यावर पाहुण्यानं ते तीनदा म्हणून दाखवलं. सुरुवातीला न नव्हता, ग नव्हता. आवाज नाकात घुमून मग 'विएन'कडं जात होता.

चौथ्यांदा ऐकल्यावर त्यानं वही बॉनेटवर ठेवली. ङ काढला, शेजारचं टिंब ठळक केलं, आणि पुढं लिहिलं: ङ्विएन.